एका लेव्हलचं घर

काका कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीवर आडवे व्हायचे. कुणी पाणी विचारायच्या आत, बसा म्हणायच्या आत. चपला दाराबाहेर काढायच्या, डोक्यावरची टोपी खिशात कोंबायची आणि उजवा गाल लादीला टेकवून एक डोळा मिटायचा. उघड्या डोळ्यानं ते पार समोरच्या भिंतीपर्यंत बघत राहायचे. घरातल्या बायका घाबरून जायच्या, म्हातारा चक्कर येऊन पडला की काय म्हणून. मग काका सावकाश उठायचे, गालाला लागलेली धूळ पुसायचे आणि यजमानाला सांगायचे, "तुमचा घर तिकडं उतरतो." हात करून दिशाही दाखवायचे. यजमान बिचारा त्या दिशेला बघत राहायचा.

मनोरला एका लग्नात त्यांनी हे नवरीच्या अंगणात केलं. वरात दारात, बँडवाले थांबलेले, आणि काका मांडवाखाली पालथे. नवरीचा बाप पाण्याचा तांब्या घेऊन धावला. काका उठून म्हणाले, "मी बरा हाय. पन पंगत इथं नका बसवू. डाव्या हाताला बसतील त्यांच्या मांडीवर आमटी जानार." कोण ऐकतंय! पंगत तिथंच बसली आणि डाव्या हाताला बसलेल्या वऱ्हाड्यांची धोतरं पिवळी झाली. आमचे हे नेमके त्याच बाजूला बसले होते. ह्यांची ती पँट मी पुढं फरशी पुसायला वापरली.

काका म्हणजे आमचे घरमालक. आमचे हे बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला लागले, आणि लग्न होऊन मी सांगलीकडून थेट सालवडला आले. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. घराच्या मागच्या अंगाला काकांनी दोन खोल्या भाड्यानं द्यायला बांधल्या होत्या, त्या आम्हाला मिळाल्या. खोल्या दाखवताना त्यांनी ना पाण्याचं सांगितलं, ना संडासाचं. मला म्हणाले, "चपल काढ आनि चालून बघ." मी चालले. म्हणाले, "काय वाटला?" मी म्हटलं, "फरशी गार आहे." काका खूश झाले. "लादी" म्हणायचं, फरशी नाही, एवढं सांगून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. आधी येऊन गेलेल्या एका कुटुंबाला त्यांनी परत पाठवलं होतं, कारण त्या गृहस्थानं खोली बघताना फक्त वर, छताकडं पाहिलं.

काका मूळचे समुद्रकाठच्या कोळ्यांच्या घरातले. बाप, भाऊ, चुलते सगळे होडीवर. हे एकटेच असे निघाले की होडी किनाऱ्यापासून सुटली की यांच्या पोटात कालवायला लागायचं. नाखव्याच्या पोराला बोट लागते, ही घराण्याची केवढी नाचक्की! भाऊ चेष्टा करायचे, बाप बोलायचाच बंद झाला. शेवटी हे किनारा सोडून आत आले आणि बिजलीघराच्या वसाहतीचं बांधकाम चाललं होतं तिथं गवंड्याच्या हाताखाली लागले. पहिल्यांदा लेव्हल धरायची नळी हातात आली तेव्हा आपल्याला रडू आलं होतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. "दर्या लेवलीत असतो पन हलतो," ते म्हणायचे, "जमीन हलत नाय पन लेवलीत नसते. म्हटला, ह्या दोघांचा काय ते आपुन जमवू."

ती नळी म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी, अर्धी पाण्यानं भरलेली. एक टोक या भिंतीला धरायचं, दुसरं त्या भिंतीला. दोन्ही टोकांत पाणी जिथं स्थिर होईल ती एक पातळी. गवंडी कामापुरती वापरतात. काका ती गळ्यात घालून हिंडायचे. बाजारात, देवळात, दवाखान्यात. बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला वाटायचं की हा माणूस आजारी आहे. वळणावर नळीतलं पाणी हललं की काका डोळे मिटून घ्यायचे, कारण बसही त्यांना लागायची. "पानी खोटा बोलत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसांबद्दल मात्र त्यांचं मत एवढं चांगलं नव्हतं. माणसाचा चेहरा ते फारसा बघायचेच नाहीत, पाय बघायचे. आमच्या ह्यांच्या पायांना कारखान्यातला निळा रंग लागलेला असायचा आणि ओल्या पायानं आले की ओटीवर फिकट निळी पावलं उमटायची. मी ओशाळून फडकं घेऊन धावायचे. काका मला अडवायचे, वाकून पावलं वाचायचे आणि म्हणायचे, "जावय उजव्या पायावर भार जास्ती देतो. त्याला बोल, साहेबाशी भांडू नको. मानूस रागात असला का उजवा पाय दाबतो." आणि खरंच, त्या आठवड्यात ह्यांचं सुपरवायझरशी वाजलेलं असायचं. हे मला सांगायच्या आधी ते काकांना कळलेलं असायचं, याचा मला भारी राग यायचा.

अशा माणसाचं स्वतःचं घर कसं असेल? मला वाटलं होतं, काचेसारखं. पण काकांच्या घरात एका खोलीची लादी दुसरीच्या लादीला मिळत नव्हती. पैसे हाती आले की एक खोली, मग काही वर्षं गप्प, मग दुसरी, असं ते घर वाढलं होतं. बाहेरच्या खोलीत शहाबादी, मधल्या खोलीत लाल लादी, तिच्या पलीकडं देवाच्या खोलीत वसाहतीतून उरलेल्या नक्षीच्या लाद्या, स्वयंपाकघरात पुन्हा ओबडधोबड दगडी. मधली खोली बाहेरच्यापेक्षा चार बोटं वर, देवाची खोली तिच्याहून थोडी खाली, स्वयंपाकघर अर्धी पायरी आणखी खाली. प्रत्येक खोली आपल्यापुरती अगदी सपाट, पण दारादारात ठेच. काकांच्या मनाला ते सतत लागून राहिलेलं होतं. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराशी खिळलेली असायची. "हा सगला घर एका लेवलीत आनायचाय मला," ते म्हणायचे. "दारात उभा राहून लिंबू सोडला तर जिथं सोडला तिथंच राहिला पायजे."

काकू मात्र त्या घरात इतक्या हलक्या पावलानं वावरायच्या की कधी आल्या, कधी गेल्या कळायचं नाही. बुटक्या, सावळ्या, गुडघ्याखाली घट्ट नेसलेलं लुगडं, आणि पाय कायम उघडे. मी आले त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सुकट निवडायला बसवलं आणि माझ्या नाकाला लावलेला पदर ओढून काढला. "श्वास घे. दोन दिवस तरास व्हईल, मंग सुकट नसली का जेवन जानार नाय." तसंच झालं.

त्यांच्याबरोबरच्या त्या दुपारी मला आजही स्वप्नातल्यासारख्या आठवतात. पहिल्या पाळीचे लोक गेलेले, दुसरीचा भोंगा व्हायचा असायचा. ताडांतून खाडीकडचा वारा यायचा. काकू बोलत बोलत बोंबील निवडायच्या, नजर कुठंतरी लांब. अशाच एका दुपारी मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं धरला आणि काही बोलले नाही. त्यांनी पेला घेतला नाही. मी तसाच धरून राहिले. काकू आपल्या बोंबलाविषयीच बोलत राहिल्या.

"काकू," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"दिसतो गो. उजेड दिसतो. मानसा धुरातली वाटतात. दोन वर्सा झाली असतील, हलू हलू गेला."

एवढ्या महिन्यांत मला कळलं नव्हतं. भाकरी गोल व्हायची, कालवण करपायचं नाही, देवाची समई त्याच पेटवायच्या.

"मग तुम्ही फिरता कशा घरात?"

काकूंनी पाय पुढं करून तळवा दाखवला. "ह्यानं. थंड लागला का बाहेरची खोली. मंग वर चढला का मधली. मधलीत उजव्या अंगाला एक लादी पोकल वाजते, तिथून हात सरल केला का कपाट. मंग नक्षी लागते पायाला, म्हंजे देव. तिथून खाली उतरला का माझी चूल. ह्यांनी घर असा वाकडातिकडा बांधला म्हनून मी चालते बघ."

"काकांना माहीत आहे?"

"नाय. आनि तू सांगायचा नाय." त्यांनी माझं मनगट धरलं. "ह्यांच्या पोटात काय राहात नाय. ते पोराला बोलतील. पोरगा कवापासून बोलतो, घराला कुलूप लावा नि मुंबईला चला. तिसऱ्या माल्यावर हाय त्याचा घर. सगला गुलगुलीत, सगला सारखा. तिथं मी कोपऱ्यात बसून राहीन, मोरीत जायाला पन सुनेचा हात लागल. इथं मी कुनाला वझा नाय गो."

मी शपथ घेतली. वीस-बावीस वर्षांची होते तेव्हा, मला वाटलं, शपथ पाळायला काय लागतं, तोंड बंद ठेवलं की झालं.

पुढं पावसाळा सरता सरता काकू पडल्या. काकांनीच आपला गुरमाळा, म्हणजे गिलावा सपाट करायची लाकडी फळी, स्वयंपाकघराच्या दारात ठेवला होता, त्यावर पाय पडला. मनगट सुजलं. मुलगा मुंबईहून धावत आला. भला माणूस होता, आईवर जीव होता त्याचा. पण ओटीवर बसून त्यानं ठणकावून सांगितलं, "बाबा, आता हे शेवटचं. पुन्हा आई पडली तर मी तुमचं काही ऐकणार नाही, दोघांना घेऊन जाणार." काका मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, गुरमाळ्याची लाज वाटत असेल. कसली लाज! मुलगा गेल्यावर ते उठले, स्वयंपाकघराच्या पायरीपाशी गेले आणि तिच्याकडं वैऱ्याकडं बघावं तसं बघत म्हणाले, "हिनं पाडला तिला. ही पायरी."

आणि त्याच सुमाराला बोईसरच्या बाजारात विनाईल आलं, लादीवर चिकटवायचं गुळगुळीत प्लॅस्टिक.

एका दुकानदारानं काकांना हातभर तुकडा दिला होता. काका तो खिशात घालून हिंडायला लागले. दर थोड्या वेळानं काढायचे, जमिनीवर टाकायचे, त्यावर एका पायानं उभे राहायचे आणि हसायचे. मला म्हणाले, "बघ. सांधा नाय, खड्डा नाय, काय नाय. जुन्या लादीवरच बसतो, लादी फोडायची नाय. आदी सगल्या खोल्या सिमीटनं एका लेवलीत आनायच्या, मंग वरून हा. दारापासून चुलीपर्यंत एक तुकडा. ती डोले मिटून चालल." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता.

मी माझ्या परीनं खूप झगडले. म्हटलं, काका, ते घसरतं. म्हणाले, घासून खडबडीत करता येतो. म्हटलं, उन्हाळ्यात पायाला चिकटेल. म्हणाले, उन्हाळ्यात तू काय लादीवर भाकरी करनार हायस? म्हटलं, वास येतो. त्यांनी तुकडा नाकाशी धरला आणि म्हणाले, "सुकटीपरीस बरा." मी म्हटलं, जुनी घरं असतात तशीच असू द्यावीत. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुला कशाला गो त्या पायऱ्यांचा एवढा पुळका?" माझ्याकडं उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. मी चरफडत घरात आले आणि आमच्या ह्यांच्यावर उगीचच डाफरले.

काकूंना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा नको म्हणून. काहीही कारण सांगा."

काकू म्हणाल्या, "काल दुपारचे आडवे झाले व्हते तवा झोपेत हसत व्हते. मी ऐकला. दर्या सोडला तवापासून हा मानूस झोपेत कन्हतो, हसताना मी काल ऐकला. करू दे त्यांना. मी शिकंन परत."

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली तेव्हा काम सुरू झालं. ते दिवस कसे सांगू? सगळं सामान अंगणात, देव आमच्या खोलीत, काकूंची चूल माझ्या चुलीशेजारी. काकांनी जुन्या लाद्यांवरचं तेलकट सगळं सोड्यानं घासून काढलं, टाच्यानं लादीला बारीक टोचे मारले म्हणजे सिमेंट धरेल. मग नळी. एक टोक ते धरायचे आणि दुसरं मी, कारण आमच्या ह्यांचा हात थरथरतो असं त्यांचं मत होतं. सगळ्या भिंतींवर गुडघ्याखाली निळीत बुडवलेल्या दोरीनं एक रेघ मारली, दारापासून चुलीपर्यंत सरळ. रेघ काढून झाल्यावर काका घराच्या मधोमध उभे राहिले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस बघतो तसे चहूकडं बघत राहिले. मग ते खोल्या भरत गेले. मधले उंबरे काढले, दारं खालून रंधून घेतली. स्वयंपाकघरात सगळ्यात जाड थर पडला. पोकळ वाजणारी लादी त्यांनी फोडून ठोस केली. मी बाजूला उभी होते. ती लादी शांत झाल्याचा आवाज मी ऐकला.

मग वाळायची वाट. पुढचं दार उघडलं की मागच्या दारापर्यंत राखाडी, रिकामी, सलग जमीन दिसायची. दुपारचं ऊन तिच्यावर आडवं पडायचं आणि काका उंबऱ्यावर बसून असायचे. मीही हातातलं काम टाकून त्यांच्यामागं उभी राहायचे. खरं सांगते, ते बघायला फार सुंदर होतं. माझं मन त्या जमिनीच्या विरुद्ध होतं, तरी मला त्यावर जाऊन निजावंसं वाटायचं. काकांनी जागोजागी काचेचे पेले उपडे घालून ठेवले होते. पेल्याला आतून घाम धरला तर जमीन ओली, आणि ओल्या जमिनीवर विनाईल चिकटवलं तर खालून वाफ येऊन फुगे धरतात. रोज सकाळी ते एकेक पेला उचलून उजेडात बघायचे, पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. सगळे पेले कोरडे निघाल्यावरही त्यांनी आणखी आठवडाभर थांबून घेतलं. घाई म्हणून नव्हतीच त्या माणसाला.

विनाईलचे रोल अंगणात उन्हात पसरले, नरम केले. मग सोल्युशन फासत, रापीनं कडा कापत, वाळूनं भरलेली गोणी वरून लोळवत लोळवत, पुढच्या दारापासून मागं सरकत काकांनी सगळं घर झाकलं. फिकट हिरवा रंग होता, खाडीच्या पाण्याचा असतो तसा. झालं तेव्हा मी अनवाणी चालून पाहिलं. पायाला काही म्हणजे काही लागलं नाही. मी घराच्या कुठल्या खोलीत आहे हे बघायला मला मान वर करावी लागली.

काकूंना त्यांनी आत जाऊ दिलं नाही. चांगला दिवस बघून, मुलाला बोलावून, मगच. मुलगा, सून, शेजारची चार घरं, दुकानदार, असे सगळे जमले. पुढच्या उंबऱ्याला काकूंनी हळदकुंकू लावलं, हाताच्या अंदाजानं, बरोबर मधोमध. देव परत गेले, चूल परत गेली. काकूंना मी मागच्या दारानं हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, मानाचं निमित्त करून. त्यांनी चहा केला. चहा त्यांनीच करायचा आणि त्यांनीच बाहेर आणायचा, असं काकांनी जाहीर करून टाकलं होतं. बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते आणि काका नेहमीसारखे जमिनीवर, गाल टेकवून, एक डोळा मिटून. त्यांना ती चालताना बघायची होती, जमिनीच्या अंगानं.

"आन," ते तिथूनच ओरडले. "सरल ये. कुटं ठेच नाय, काय नाय."

मी म्हटलं, "मी ट्रे घेते, काकू." तर मुलगा हसून म्हणाला, "वहिनी, आईला येऊ द्या. आम्हाला बघायचंय."

काकू निघाल्या. स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा पाय सवयीनं वर उचलला गेला आणि खाली काहीच नसल्यासारखा आदळला. कप हलले. सुनेनं मुलाकडं बघितलं. काकू हसल्या, पुढं आल्या. देवाची खोली ओलांडली. मधल्या खोलीत आल्या आणि थांबल्या. मी त्यांच्या मागं होते. त्यांना मी हळूच म्हटलं, "सरळ." पण सरळ म्हणजे कुठं? त्या थोड्या डावीकडं वळल्या, जिथं फक्त भिंत होती. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. त्यांच्या उजव्या पायाची बोटं मात्र उघडमीट करत जमिनीवरून फिरत होती, पुढं, बाजूला, पुन्हा पुढं, काहीतरी शोधत. सांधा, खाच, थंडपणा, काहीतरी.

बाकीचे सगळे त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. पाय दिसत होते ते फक्त एका माणसाला.

काकांनी मिटलेला डोळा उघडला. मी त्यांच्याकडंच बघत होते. माझ्या आयुष्यात एखाद्या माणसाला काही कळताना इतकं स्पष्ट मी पुन्हा कधी पाहिलेलं नाही. ते जागेवरून हलले नाहीत, गाल तसाच जमिनीला. फक्त त्या पायांकडं बघत राहिले. मग एकदम ओरडले, "थांब! हलू नको! फुगा हाय तिथं!"

काकू जागच्या जागी थिजल्या. काका उठून धावले, त्यांच्या हातातला ट्रे काढून माझ्याकडं दिला, त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना भिंतीशी पाटावर बसवलं. आणि मुलाकडं वळून म्हणाले, "माझी चूक झाली. लादी ओली व्हती. मी घाई केली. पार फुगे धरलेत."

"कुठं फुगे?" मुलगा उठून उभा राहिला. "मला तर काही दिसत नाही, बाबा."

"तुला काय दिसतो? मिस्त्री तू का मी?" असं म्हणून काकांनी खिशातली रापी काढली, गुडघ्यावर बसले आणि मधल्या खोलीच्या दारापासून त्या हिरव्या, नितळ, एकसंध विनाईलमध्ये सरळ उभी चीर दिली. फर्रकन आवाज झाला. दुकानदारानं कपाळाला हात लावला. सून म्हणाली, "अहो, अहो, एवढा खर्च!" शेजारच्या लोकांना हसू आवरेना. जन्मभर दुसऱ्याच्या घरात गाल टेकवून खोड्या काढणारा माणूस, आणि स्वतःच्याच घरात फुगे! कुणीतरी म्हणालं, "काका, आडवे पडून बघायचं राहिलं वाटतं?" काका म्हणाले, "राहिला खरा." आणि कापत राहिले.

मुलगा संध्याकाळी परत गेला. आईबद्दल काही बोलला नाही, बापाच्या वयाबद्दल बोलला. "बाबांचा हात आता चालत नाही," असं मला अंगणात म्हणाला. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी आपलंच सिमेंट फोडायला घेतलं. सगळं नाही. देवाच्या खोलीतली नक्षी पुन्हा उघडी केली, स्वयंपाकघर पुन्हा खाली नेलं, मधले उंबरे काढले होते तिथं कडा गोलसर करून बसवल्या. काकूंना ते काहीच विचारायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "जरा इथं पाय ठेव, भार बघायचाय." काकू पाय ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अजून थोडा खाली पायजे." काका छिन्नी मारायचे. "आता?" "आता बरा हाय." एकमेकांना दोघांनी एवढंच सांगितलं. मग एकदा काका मला म्हणाले, आपल्याला चष्मा लागलाय, पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंय, आणि एकट्याला बस लागते म्हणून काकूंना बरोबर घेऊन गेले. तिथं डॉक्टरांनी काकूंचेही डोळे बघितले. थेंब घालायला दिले. गेलं होतं ते परत आलं नाही, पण होता तेवढा उजेड राहिला.

गावानं मात्र काकांना सोडलं नाही. बाजारात पोरं त्यांना फुग्यांवरून चिडवायची. कामं कमी झाली. ज्यांच्या लाद्यांना त्यांनी नावं ठेवली होती ती सगळी मंडळी चहा पाजायच्या निमित्तानं मुद्दाम विषय काढायची. काका नळी गळ्यात घालून ऐकून घ्यायचे. आमची बदली होऊन आम्ही सालवड सोडलं तोवर तरी त्यांनी कुणापाशी दुसरं काही सांगितल्याचं मला माहीत नाही. कुणाच्या घरी गेल्यावर आडवं होणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

निघायच्या आदल्या दुपारी मी काकूंजवळ बसले होते. काका बाहेर कुठंतरी गेले होते. कापलेल्या विनाईलचा एक तुकडा काकूंनी पाटाखाली घातला होता, त्यावरून त्या बोटं फिरवत होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "खरा सांग. त्या दिवशी फुगा व्हता?"

पेल्यांच्या काचा रोज कोरड्या निघताना मी पाहिल्या होत्या. मी म्हटलं, "होता ना काकू. मोठा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

काकूंनी त्या तुकड्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हलकंच हसल्या.

"नाय व्हता गो," त्या म्हणाल्या. "असता तर माझ्या पायाला लागला असता."